फिल्टर बदलला तरी पाणी पुन्हा ढगाळ: नेमकं काय बदलायचं आणि कधी

तक्रार साधारण अशी असते. दोन फुटी टँक, सात-आठ मासे, फिल्टर चालू. पंधरा-वीस दिवस पाणी छान राहतं, मग पांढुरकं व्हायला लागतं. दुकानात विचारलं की उत्तर येतं, "फिल्टर बदला." मग आतला सगळा माल नवा भरला जातो, काच घासली जाते, पाणीही बरंचसं बदललं जातं. तीन-चार दिवस पाणी आरपार दिसतं आणि आठवड्याच्या आत पुन्हा दुधाळ होतं. एखाद-दुसरा मासा वर येऊन तोंड उघडमीट करू लागतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

अशा टँकमध्ये फिल्टर बदलायला उशीर झालेला क्वचितच आढळतो. बहुतेक वेळा तो गरजेपेक्षा जास्त, आणि तोही सगळाच्या सगळा एका दिवशी, बदललेला असतो.

संपतं काय, टिकतं काय

टॉप फिल्टर असो, पाण्यात बुडवायचा असो, काचेला मागे टांगायचा असो की खाली कपाटात ठेवायचा कॅनिस्टर, आत तीन निरनिराळी कामं चालतात. वूल (कापसासारखा दिसणारा पांढरा थर) आणि स्पंज कचरा गाळतात. कार्बन आणि झिओलाइट पाण्यात विरघळलेल्या गोष्टी ओढून घेतात. सिरॅमिक रिंग, लाव्हा रॉक, बायोबॉल आणि तोच मळकट दिसणारा जुना स्पंज, ही जिवाणूंची वस्ती. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि न खाल्लेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन माशांना विषारी, नायट्रेट त्यामानाने सौम्य आणि पाणी बदलून काढता येण्यासारखं. नव्या टँकमध्ये ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

गाळणारा माल झिजतो, शोषणारा माल संपतो, वस्तीचा माल वर्षानुवर्षं टिकतो. "महिन्याला फिल्टर बदला" हा सल्ला तिघांनाही एकाच तारखेला बांधतो, आणि वस्ती कचऱ्याच्या डब्यात जाते. वस्ती उठली की पाण्यातला सेंद्रिय कचरा खाणारे दुसरे, मोकळे तरंगणारे जिवाणू भराभर वाढतात. तो दुधाळ रंग त्यांचा. अशा वेळी फिल्टर परत धुतला तर उरलीसुरली वस्तीही जाते.

आधी बाटलीची चाचणी

मीडियाला, म्हणजे फिल्टरमध्ये भरलेल्या या मालाला, हात लावण्याआधी प्रवाह मोजा. एक लिटरची रिकामी बाटली फिल्टरच्या तोंडाशी धरा आणि मोबाइलच्या घड्याळावर ती भरायला लागणारे सेकंद बघा. ३६०० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी लिटर निघतात. बाटली १२ सेकंदांत भरली तर ताशी ३०० लिटर, ३० सेकंद लागले तर फक्त १२०. खोक्यावर लिहिलेला आकडा रिकाम्या पंपाचा असतो, मीडिया भरल्यावर तेवढा कधीच मिळत नाही. म्हणून त्याच्याशी तुलना करू नका. फिल्टर स्वच्छ असताना तुमच्याकडे किती येतो तो आकडा टँकच्या मागच्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवा. प्रवाह त्याच्या दोन तृतीयांशाखाली आला की फिल्टर उघडायची वेळ झाली.

२४ × १२ × १२ इंचांच्या टँकमध्ये काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५ ते ४८ लिटर उरतं. अशा टँकला तासाला निदान २०० ते २५० लिटर खराखुरा प्रवाह हवा.

प्रवाह कमी आला तर पंपाचा प्लग काढा. नुसतं बटण बंद करून पाण्यात हात घालू नका. सगळा मीडिया बाहेर काढून बादलीभर टँकच्याच पाण्यात ठेवा आणि पंप तसाच रिकामा चालवून पुन्हा बाटली भरा. प्रवाह परत आला तर मीडिया तुंबलेला आहे. तरीही कमीच असेल तर मीडिया निर्दोष, दोष पंपात किंवा पाइपात. इम्पेलर, म्हणजे पंपाच्या आत फिरणारं पातं, बाहेर काढून बघा. त्याच्या लोहचुंबकाभोवती तपकिरी चिकट थर, पात्यात गुंतलेला केस, आत शिरलेली बारीक गोगलगाय, हे नेहमीचे अपराधी. दात घासायच्या जुन्या ब्रशने खाच घासली की बहुतेक वेळा काम होतं. इम्पेलरची दांडी पांढऱ्या सिरॅमिकची असेल तर जपून, ती जराशा बोटाच्या दाबाने मोडते. पंप खडखड वाजत असेल तर दांडी किंवा तिची रबरी टोपी झिजलेली असते. एवढा एक भाग बदलून भागतं, अख्खा फिल्टर घ्यायची गरज नसते.

वूल: हा खराच नियमित बदलायचा

वूलचा थर उचला आणि उलटा करून बघा. वरची बाजू तपकिरी, खालची पांढरी असेल तर अजून चालेल. तपकिरी रंग खालच्या बाजूपर्यंत उतरला असेल, हाताला बुळबुळीत लागत असेल, तर फेकून द्या. फक्त कडेकडेने तपकिरी पट्टा आणि मधला भाग पांढराशुभ्र दिसला तर वूल नीट बसलेला नाही. पाणी त्याला वळसा घालून जातंय, आणि कितीही नवा वूल टाकला तरी बारीक कण टँकमध्ये परत येतच राहणार. तुकडा ट्रेपेक्षा अर्धा सेंटीमीटर मोठा कापून कडा दाबून बसवा.

साध्या टँकमध्ये वूल दोन ते तीन आठवडे चालतो. फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर किंवा गोल्डफिश असतील तर आठवडाभरच. दुकानात याला सर्रास "फिल्टरचा कापूस" म्हणतात, म्हणून मुद्दाम सांगतो: खरा कापूस घालू नका, तो पाण्यात कुजतो. पॉलिएस्टरचाच वूल हवा, ज्यावर सुगंध किंवा जंतुनाशक काही मारलेलं नाही असा.

स्पंज: धुवायचा, जपायचा, फार उशिरा बदलायचा

काळा किंवा निळा जाड स्पंज दोन ते चार आठवड्यांनी धुवा, पण नळाखाली नाही. पाणी बदलताना टँकमधलं काढलेलं पाणी बादलीत घ्या, त्यात स्पंज तीन-चार वेळा दाबून सोडा, एवढंच. पिळलेलं पाणी चहासारखं दिसलं तरी स्पंज लख्ख करायचा मोह टाळा. प्रवाह मोकळा झाला की थांबा. उरलेला मळकट रंग टँकच्या भल्यासाठीच आहे.

बदलायची वेळ स्पंज स्वतःच दाखवतो. बादलीत मुठीत आवळा आणि सोडा. चांगला स्पंज लगेच फुगून मूळ आकारात येतो. संपलेला चपटाच राहतो, कडा बोटांत चुरा होऊन येतात, मधल्या भोकापासून फाटायला लागतो, किंवा धुतल्यानंतर दोन-तीन दिवसांत पुन्हा तुंबतो. साधारण दीड-दोन वर्षं सहज निघतात, चांगल्या प्रतीचा त्याहून जास्त टिकतो.

एअर पंपवर चालणाऱ्या स्पंज फिल्टरमध्ये फसगत होते, कारण स्पंज पूर्ण तुंबला तरी बुडबुडे येत राहतात. चिमूटभर बारीक चुरलेलं खाद्य पाण्यात भिजवून स्पंजजवळ सोडा. कण स्पंजकडे ओढले गेले तर ठीक, जागच्या जागी तरंगत खाली बसले तर ओढ संपली आहे. बुडबुडेच मंदावले असतील तर एअर पंपाचा रबरी पडदा तपासा. त्याला चीर पडलेली असते, आणि तो सुटा मिळतो.

कार्बन आणि झिओलाइट

कार्बन तीन-चार आठवड्यांत भरतो. त्यानंतर तो विष ओकतो वगैरे भीती बाळगू नका. तो नुसता एक खडबडीत दगड म्हणून पडून राहतो आणि त्यावरही जिवाणू बसतात. संपला की नाही हे पाहण्यासाठी दोन पांढरे कप घ्या, एकात टँकचं पाणी, दुसऱ्यात पिण्याचं, आणि खिडकीच्या उजेडात शेजारी ठेवा. टँकचं पाणी पिवळसर दिसलं तर कार्बन संपलेला आहे. ५० लिटरच्या टँकला ५० ग्रॅम पुरतो. आधी बादलीत खळबळून काळी धूळ काढून टाका. मात्र कार्बन अमोनियावर जवळजवळ काहीच करत नाही, त्यामुळे मासे वर येऊन धापा टाकत असताना कार्बन बदलणं म्हणजे वेळ घालवणं. आमच्या मते रोजच्या वापरात तो नसला तरी चालतं. औषध दिल्यानंतर ते पाण्यातून काढायला, किंवा लाकडाचा पिवळा रंग घालवायला तो हाताशी ठेवावा. औषध चालू असताना मात्र तो बाहेर काढा, नाहीतर औषध माशांऐवजी कार्बनमध्ये जाईल.

झिओलाइटचं प्रकरण जास्त धोक्याचं आहे. पांढरट खड्यांचा हा माल गोड्या पाण्यातला अमोनिया धरून ठेवतो, आणि मिठाच्या पाण्यात तोच अमोनिया सोडून देतो. घरोघरी काय होतं? मासा सुस्त दिसला की पहिला उपाय म्हणून टँकमध्ये मूठभर जाडं मीठ पडतं. फिल्टरमध्ये महिनाभराचा झिओलाइट असेल तर त्याच दिवशी अमोनिया टँकमध्ये उतरतो आणि सकाळी दोन-तीन मासे गेलेले असतात. दोष मिठाच्या प्रमाणाला दिला जातो. मीठ घालण्याआधी झिओलाइट बाहेर, हा नियम कधीच मोडू नका. याच गुणामुळे तो पुन्हा वापरताही येतो: लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून वेगळ्या भांड्यात २४ तास भिजवा, खळखळून धुवा, वाळवा. तीन-चार वेळा असं केल्यावर नवा आणा.

रिंग कधी बदलायच्या?

जवळजवळ कधीच नाही. सिरॅमिक रिंग तपकिरी, घाणेरड्या दिसणं हे चांगलं लक्षण आहे. चार-सहा महिन्यांनी टँकच्या पाण्यात हलक्या हाताने खळबळा. बोटांत दाबल्यावर भुगा होत असेल तेवढ्याच रिंग काढा, आणि कितीही वाईट अवस्था असली तरी एका वेळी निम्म्याहून जास्त नाही. उरलेल्या निम्म्या सहा आठवड्यांनी.

मागे टांगायच्या फिल्टरमधलं तयार कार्ट्रिज इथेच गोत्यात आणतं. त्यात वूल आणि कार्बन एकत्र शिवलेले असतात आणि पाकिटावर दर महिन्याला बदला असं छापलेलं असतं. फिल्टरमध्ये दुसरं काही नसेल तर सगळी वस्ती त्या एका कार्ट्रिजवर असते. मागच्या मोकळ्या जागेत स्पंजचा एक तुकडा आणि जाळीच्या पिशवीत मूठभर रिंग घाला, महिनाभर जाऊ द्या, आणि मगच कार्ट्रिज बदला. त्याआधी कार्ट्रिज तुंबलं तर वरची शिवण कापून कार्बन ओतून द्या आणि तेच कापड टँकच्या पाण्यात धुऊन परत लावा.

मुंबईच्या पाण्यामुळे होणारे घोळ

मुंबईला पाणी येतं ते भातसा, तानसा, मोडकसागर, वैतरणा, विहार, तुळशी या तलावांचं. भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत शुद्ध होऊन, क्लोरीन घालून ते सोसायटीच्या खालच्या टाकीत पडतं आणि तिथून गच्चीवरच्या टाकीत चढतं. क्लोरीन आपल्यासाठी आवश्यक, फिल्टरमधल्या जिवाणूंसाठी मारक. थेट महापालिकेच्या नळाला क्लोरीन जास्त, गच्चीवरच्या टाकीतून आलेल्या पाण्यात कमी असतो, म्हणून एकाच इमारतीत दोन घरांचा अनुभव वेगळा येतो. सोसायटीची टाकी धुतली की ब्लीचिंग पावडर वापरली जाते. जिन्यातल्या फळ्यावर ती नोटीस लागली की पुढचे दोन दिवस टँकचं पाणी बदलू नका. एरवी दर वेळी अँटीक्लोरीन बाटलीवरच्या मापाने घाला, आणि ते बादलीत, टँकमध्ये नंतर ओतायचं. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं तर बादली रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं पाणी घ्या, तळाचे चार बोटं सोडून. नाहीतर नवा वूल आठवडाभरात मातीने भरतो.

टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळणाऱ्या सोसायट्यांत क्षार जास्त असतात. तिथे इम्पेलरवर आणि नळीत पांढरा खवला धरतो आणि प्रवाह कमी होतो. व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून ठेवा, ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा.

आता सर्वांत कमी ओळखला जाणारा प्रकार. तलावांचं पाणी मऊ असतं, आम्ल पचवण्याची त्याची ताकद थोडी. जिवाणू अमोनियावर काम करताना ती ताकद खर्च करतात. पाणी बदलायचा कंटाळा, पाणीकपात, सुट्ट्या, काही कारणाने दोन-तीन महिने फक्त आटलेल्या पाण्याची भर पडत राहिली की पीएच (पाणी किती आम्ल हे दाखवणारा आकडा, कमी तितकं जास्त आम्ल) घसरत ६ च्या आसपास येतो. तिथे जिवाणूंचं काम जवळजवळ बंद पडतं. मीडिया उत्तम, प्रवाह उत्तम, तरी अमोनिया साठतो. मासे मात्र मरत नाहीत, कारण कमी पीएचला अमोनियाचा विषारी भाग नगण्य असतो. मग कोणीतरी "फार दिवस झाले" म्हणून फिल्टर नवा भरतं आणि निम्मं पाणी एकदम बदलतं. पीएच ७.५ वर उडी मारतो, साठलेला अमोनिया विषारी रूपात येतो, आणि संध्याकाळपर्यंत टँक रिकामा. पीएच एकाने वाढला की विषारी भाग सुमारे दहापट होतो, हे लक्षात ठेवा. अशा टँकमध्ये रोज १० टक्केच पाणी बदला, आठवडाभर. मग धुतलेल्या शिंपल्यांचा चुरा जाळीच्या छोट्या पिशवीत, ५० लिटरला दोन मोठे चमचे, फिल्टरमध्ये ठेवा.

म्हणून टेस्ट किट घ्याच, थेंबांचं. पट्ट्यांपेक्षा ते जास्त भरवशाचं असतं आणि एक बाटली बराच काळ पुरते. अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आत, हे तिन्ही बरोबर असेल तर फिल्टर निरोगी आहे, मग तो दिसायला कितीही मळका असो. पाणी हिरवं होत असेल तर फिल्टरला दोष देऊ नका. खिडकीचं ऊन आणि दिवसभर जळणारा दिवा कमी करा, सहा-सात तास प्रकाश पुष्कळ झाला. छोट्या टँकमध्ये चार मोठे गोल्डफिश असतील तर तिथे कोणताच फिल्टर पुरणार नाही.

बदलायचंच असेल तर

नवा स्पंज किंवा नव्या रिंग जुन्यांच्या शेजारी चार आठवडे चालवा आणि मग जुनं काढा. जागाच नसेल तर जुना स्पंज नव्यावर पिळा, ते तपकिरी पाणी नव्या स्पंजला प्यायला द्या. त्यानंतर आठवडाभर खाद्य एक दिवसाआड आणि नेहमीच्या निम्मं. रोज टेस्ट करा. अमोनिया किंवा नायट्राइट ०.५ च्या वर दिसलं की २५ टक्के पाणी बदला. नायट्राइट चढलं असेल तर दर १० लिटरला १ ग्रॅम साधं मीठ माशांच्या रक्ताला वाचवतं, पण वर सांगितलेली झिओलाइटची अट पाळूनच. मीडिया बदलणं, मोठं पाणी बदलणं आणि नवे मासे आणणं, या तिन्हींत दोन-दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

एप्रिल-मे महिन्यांत हे काम शक्यतो टाळा. पाणी ३० अंशांच्या पुढे जातं, त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि जिवाणू व मासे दोघांनाही तोच लागतो.

फिल्टर चोवीस तास चालू हवा. आवाज होतो म्हणून रात्री बंद करण्याची सवय अनेक घरांत आहे. आठ वॅटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी सहा युनिटच्या आत वीज घेतो, आणि आवाजाचा इलाज इम्पेलरमध्ये असतो. काही तास वीज गेली तर कॅनिस्टर थेट सुरू करू नका. आतलं कोंडलेलं पाणी सडक्या अंड्यासारखं वास मारत असेल तर ते मोरीत ओता, मीडिया टँकच्या पाण्यात खळबळा आणि मग चालू करा.

गणपतीला गावी निघण्याआधी घरासोबत टँकही चकाचक करण्याची घाई असते. नळाखाली धुतलेला फिल्टर, नवं पाणी आणि शेजाऱ्यांच्या हातात खाद्याचा अख्खा डबा, यांतून पाच दिवसांत टँक कोलमडतो. फिल्टरचं काम निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी उरका. आदल्या दिवशी फक्त वूल बदला आणि बाटलीने प्रवाह मोजा. मेन स्विच बंद करून जात असाल तर टँकच्या प्लगची लाइन वेगळी चालू राहील अशी सोय इलेक्ट्रिशियनकडून आधीच करून घ्या, आणि वायर प्लगच्या खाली झोका देऊन सोडा, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत पोचणार नाही. खाद्य चिमटी-चिमटीच्या पुड्या बांधून शेजारच्या काकूंकडे द्या, दोन दिवसांआड एक पुडी, आणि मोठा डबा कपाटात ठेवा.